दुहेरी काच

"उघडा ती गाडी," थोरली म्हणाली.

"बसू दे जरा," धाकटीचा नवरा म्हणाला. "सारखं आपलं ताईकडे जाते, ताईकडे जाते. आणलं ताईकडे. म्हटलं, बघ आता लांबूनच."

थोरलीच्या गॅरेजच्या तोंडाशी, भर उन्हात, त्याची नवी जर्मन गाडी उभी होती. छोटी, लाल, चकचकीत. इंजिन बंद, काचा वर. आत धाकटी. तिचा खालचा ओठ फाटला होता आणि ती दोन्ही तळव्यांनी काच बडवत होती. बाहेर आवाज येत होता तो कुणी उशी झोडपावी इतकाच.

थोरलीने बावीस वर्षं ह्याच मॉडेलच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. पहिल्या पिढीच्या गाडीचं दार ती वाकवलेल्या तारेने उघडायची. दुसऱ्या पिढीत सेंट्रल लॉक आलं, तरी आतली कडी ओढली की दार सुटायचं. तिसरीत इंजिनाची ताकद वाढली, सीटवर मऊ लेदर आलं, आणि बाहेरून दोनदा लॉक केलं की आतली कडी नुसती हलायला लागली. चोराने काच फोडली, तरी हात घालून दार उघडता येऊ नये म्हणून. ही चौथी पिढी होती.

"चावी द्या."

"नवरा-बायकोच्या मध्ये पडू नका, ताई."

काचेवरचे तळवे मंदावले. धाकटीचे केस कपाळाला चिकटले होते. तिने तोंड उघडलं, पण काय म्हणाली ते कळलं नाही.

थोरलीने हातोडा उचलला आणि पुढच्या दाराच्या काचेवर घातला. काचेवर पांढरं जाळं उमटलं, पण ती फुटली नाही. दुसरा घाव. तिसरा. काच तशीच. नव्या गाडीत पुढच्या दारांना दुहेरी काच असते, मध्ये चिवट पापुद्रा. रस्त्याचा आवाज आतल्यांना ऐकू येऊ नये म्हणून.

चौथा घाव बसला नाही. त्याने मागून तिचे केस धरले आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं.

"माझ्या गाडीला हात लावतेस?"

पुन्हा आपटलं. भुवई फुटली, एका डोळ्यात रक्त उतरलं. मग त्याने तिचा गळा आवळला. थोरलीने मागे न बघताच हातोडा खाली फिरवला. घाव त्याच्या गुडघ्यावर बसला. काहीतरी कडकन मोडलं आणि तो ओरडत कोसळला. पडल्या पडल्या त्याने तिचा घोटा पकडला.

"सोड," ती म्हणाली.

त्याने सोडला नाही. तिने मनगटावर घाव घातला. मग सोडला.

ती मागच्या दाराकडे धावली. मागची काच एकेरी असते. तिने धाकटीला पुढेच, सीटखाली वाकायची खूण केली. ती वाकली. एकाच घावात सगळी काच भुगा होऊन आत कोसळली आणि गाडी केकाटायला लागली. आतून भट्टीसारखी वाफ आली. थोरलीने खिडकीत अर्धं अंग घातलं, सीटांच्या मधून बहिणीच्या काखांत हात घातले आणि तिला ओढलं. घामाने हात निसटत होते. चौकटीच्या कडेने धाकटीचं पोट खरवडलं. दोघी बाहेर जमिनीवर पडल्या. धाकटी ओकली, मग मोठ्याने श्वास घ्यायला लागली.

शेजारच्या टायरवाल्याने फोन केला होता. पोलीसबाई आल्या तेव्हा नवरा भिंतीला टेकून विव्हळत होता.

"हिने मारलं मला! गाडी फोडली माझी! लिहून घ्या!"

"हा गळा दाबत होता तिचा," टायरवाला म्हणाला. "मी पाहिलंय."

पोलीसबाईंनी थोरलीची भुवई पाहिली, गळ्यावरचे बोटांचे वळ पाहिले. वही उघडली.

"काच कोणी फोडली?"

थोरलीने तोंड उघडलं. ती काही बोलायच्या आधीच धाकटी उठून बसली.

"मी," ती म्हणाली. फाटक्या ओठाने शब्द नीट येत नव्हते. "मला कोंडलं होतं. मी फोडली. आतून."

"खोटं बोलतेय ती!" नवरा किंचाळला.

पोलीसबाईंनी वाकून गाडीत डोकावलं. मागच्या सीटवर काचेचा खच पडला होता. बाहेर जमिनीवर एक तुकडा नव्हता. त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. मग सरळ झाल्या, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिता लिहिता हळूच उच्चारलं,

"आतून."