जराशा सरका

नालवाडीच्या कुसुमबाई चाळीस वर्षं भाजीची टोपली मांडीवर घेऊन ऑटोनं वर्ध्याच्या बाजारात जात होत्या. वाटेत कोणी चढलं, की ऑटोवाला म्हणे, “बाई, जराशा सरका.” आणि त्या सरकत.

त्या दिवशी लेक नयनच्या नव्या गाडीत पुढं बसल्या, तर खालची सीट आपोआप हलली. कुसुमबाईंनी लगेच लुगडं आवरलं आणि त्या दाराला चिकटल्या.

“काऊन सरकून राह्यली, माय?” नयननं विचारलं.

“कोनाले बसाचं असन ना.”

“कोनाले नाई. तू बसली, हे सीटले समजलं. तुह्या मापानं ते सोताच सरकून राह्यली.”

कुसुमबाई श्वास रोखून बसल्या. सीट अलगद खाली गेली, लोंबकळणारे पाय टेकले. मग सीटची पाठ पुढं आली आणि त्यांच्या वाकलेल्या कंबरेला आधार देऊन तिथंच थांबली.

मग त्यांनी सीटवरून हात फिरवला.

“पुरे आता, बाई,” त्या सीटला हळूच म्हणाल्या. “तुले जागा उरली ना?”