खिरापतीचा डबा

"नाकाने ओळखायचं हं, डोळ्यांनी नाही," म्हणत सोजरबाईने पितळी डबा कमलच्या तोंडाशी धरला आणि झाकण बोटभर उचललं.

नऊ वर्षांच्या कमलने उशीवरून मान उचलली, डब्यात नाक खुपसलं. खोकल्याची मोठी उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, "फुटाणे. गुळाचे."

"अगं बाई! बरोब्बर!" सोजरबाईचे डोळे भरून आले. दोन दिवसांत पोरीच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द होता.

भुलाबाईचे दिवस होते. एरवी गल्लीतल्या पोरी रोज एकीच्या घरी भुलाबाईपुढे गाणी म्हणायच्या आणि झाकल्या डब्यातली खिरापत वाजवून, हुंगून ओळखायच्या. ओळखल्याशिवाय खायची नाही. या खेळात कमलचा हात धरणारी सगळ्या राजघाट भागात कुणी नव्हती. पण यंदा मानमोडीच्या तापाने बुऱ्हाणपुरात घरंच्या घरं आडवी केली होती. गल्लीत अजून कुणी गेलं नव्हतं, म्हणून सगळे जिवाला जपून होते. पोरींना उंबऱ्याबाहेर पाय टाकायची बंदी. ज्या घरची भुलाबाई, त्याच घरची पोर गाणी म्हणणार, तीही एकटीच.

भुसावळच्या मामाकडून आली तशी कमलने अंथरूण धरलं होतं. वैद्यांनी काढा दिला आणि ओसरीवर तिच्या वडलांना, दिगंबर मास्तरांना, हळूच सांगितलं, "मास्तर, पोरीने उमेदच सोडलीय. कशात जीव रमला तर बघा."

सोजरबाईने ते दाराआडून ऐकलं. त्याच दिवशी ती ओट्या-ओट्यासमोर लांब उभी राहून पदर पसरत फिरली. "बाई, तुमच्या घरचा डबा आधी माझ्या कमलकडे येऊ द्या. तिने ओळखला की लगेच परत आणून ठेवते. माझ्या पोरीसाठी एवढं करा."

"अवं, मागतेस काय सोजर," समोरची मालूबाई म्हणाली. "भुलाबाईचा प्रसाद तो. त्याला कसला आलाय रोग?"

तर असं ठरलं. माणूस माणसाला शिवत नव्हतं. डबा तेवढा ओट्यावरून ओट्यावर जायचा.

फुटाण्यांचा तो पहिला डबा चुडामण सोनाराच्या निर्मलाचा. कमलने ओळखल्याचं कळल्यावर निर्मला खिडकीतून ओरडली, "कमे, बरी हो लवकर! तुझ्याशिवाय मजा नाही!" आणि मूठभर फुटाणे तोंडात टाकले.

चौथ्या दिवशी निर्मलाला ताप भरला. सहाव्या दिवशी ती गेली.

गल्ली हादरली. दारं बंद, खिडक्या बंद, उंबऱ्यावर कडुलिंब, मग हा ताप आला कुठून? सोजरबाईनेच तोंड उघडलं. "आधी माझी कमल, मग सोनाराची निर्मला. भाईदास पाणी याच वाटेने टाकत येतो. परवा तो कसा खोकत होता, पाहिलं नाही का कुणी?"

भाईदास वीस वर्षं गावच्या भुयारी कुंडीचं, विहिरीसारखं खोल पाणी काढून या गल्लीत भरत होता. दुसऱ्या सकाळी तो कावड घेऊन आला, तर सोजरबाई आडवी आली.

"तुझ्या घागरीत मरण आहे, भाईदास. पुन्हा इकडे पाय टाकू नको."

"काय बोलते माय?" तो म्हणाला. "कमल तर माझ्या खांद्यावर खेळली. मी तिला मारीन?"

कुणीतरी दगड मारला. घागर फुटली. भाईदासने खापरं गोळा केली, ओट्याच्या कडेला नीट रचली आणि निघून गेला. सोजरबाईला त्या रात्री गाढ झोप लागली.

पण मानमोडी काही जाईना. कडू शिंप्याची यमू पडली. तिच्या खोबऱ्याच्या वड्या कमलने नुसत्या वासावर ओळखल्या होत्या. यमू दोन दिवसांत आटोपली. मग मालूबाईची एकुलती एक कोकिळा. सोजरबाई सगळ्यांना सांगत राहिली, "त्या मेल्याचं पाणी आधीच पोटात गेलेलं, काय करणार!" कोकिळाला उचलायला माणसं पुरेनात. तेव्हा भाईदास न बोलावता आला, खांदा दिला, आणि कुणाच्या ओट्यावर न टेकता परत गेला.

आणि इकडे, देवाची करणी म्हणा, कमल बरी होत चालली. ताप उतरला. तिने पेज मागितली. कोजागिरीच्या संध्याकाळी ती भिंतीला टेकून बसली, तेव्हा दिगंबर मास्तर तोंड फिरवून रडले.

दिवेलागणीला मालूबाई आली. आता तिला कशाची भीती उरली नव्हती. ती उंबरा ओलांडून थेट आत आली. कोकिळाचाच डबा तिच्या हातात होता.

"आज भुलाबाई बोळवायची," ती म्हणाली. "खिरापत केली बाई. सवय ना हाताला. आता या गल्लीत ओळखणारी तूच एक राहिलीस, बेटा."

कमलने डबा मांडीवर घेतला. अंगात शक्ती नव्हती, पण चेहऱ्यावर जुनी ऐट आली.

"मालूमावशी, माझा एकही डबा चुकला नाही. मी आजारी असून!" ती बोटांवर मोजत सांगू लागली. "आधी निर्मलाचे फुटाणे. मग यमूच्या खोबऱ्याच्या वड्या. मग तुमच्या कोकिळाचे तिळाचे लाडू."

"गुणाची गं माझी बाय," मालूबाईने तिच्या तोंडावरून हात फिरवला.

सोजरबाईच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं. राजघाटाच्या मसणात पोरीही याच क्रमाने गेल्या होत्या.