सुलटी गाठ

अधिकारी बाईंनी टोपली उलटी केली आणि त्यांच्या चपलांवर गव्हाचे दाणे सांडले.

"हे काय, आजी?"

"गहू," म्हातारी म्हणाली.

"ते दिसतंय मला. टोपलीत कसे आले?"

 म्हातारीच्या मागे भिंतीला टेकून टोपल्या रचल्या होत्या, एकात एक, पार खिडकीपर्यंत. जिल्ह्याच्या निर्यात कक्षाने मिळवलेली ही परदेशातली पहिलीच मोठी ऑर्डर. वेत त्यांनीच स्वस्तात दिला होता, प्रशिक्षण दिलं होतं, मापाला एक लोखंडी कडंही दिलं होतं. टोपली त्या कड्यात नीट बसली तरच घ्यायची. बाहेर ट्रक उभा होता. बाकीच्या घरांच्या टोपल्या त्यात आधीच चढल्या होत्या. हे शेवटचं घर.

बाईंनी दुसरी टोपली उचलली. मग तिसरी. प्रत्येकीच्या बुडाशी मूठभर गहू. बूड इतकं दाट विणलेलं की दाणा गळला नव्हता.

ड्रायव्हर दारातून डोकावला. "आजी, सोबत कोंबड्याही पाठवताय का?"

"तू गाडीत जाऊन बस," बाई म्हणाल्या. मग म्हातारीसमोर खालीच बसल्या. "आजी, तिकडच्या बंदरात एक दाणा सापडला तरी माल अडवतात. कीड येते म्हणून. तुमचाच नाही, सगळ्यांचा. सभेत घसा फोडून सांगितलं होतं मी. तुम्ही तर अगदी पुढे बसला होतात."

"ऐकलं होतं."

"मग?"

"रिकामी टोपली मी कधी कुणाच्या हातात दिली नाही. विकतानासुद्धा नाही."

"अहो, पण ही कुणाच्या हातात जाणार, तेही आपल्याला माहीत नाही!"

म्हातारीने लुगड्यावरचा वेताचा भुसा झटकला. "लेक तिथेच आहे माझी. त्याच देशात."

"देश केवढा मोठा आहे, आजी."

"असू दे. दुकानातच जाणार ना हा माल? दुकानात तीही जातच असेल. कुठली टोपली तिच्या हाताला लागेल, मला काय ठाऊक? म्हणून सगळ्यांत घातले."

"आणि गहू बघून तिला कळेल?"

"तिला नाही तर कुणाला कळणार? मी काठ बांधायचा आणि तिने मूठ टाकायची, असंच चालायचं आमचं. इवलीशी मूठ. अर्धे दाणे बाहेर." म्हातारी हसली. "तेव्हा ओळखायला गहू लागत नव्हते म्हणा. माझी काठाची गाठ उलटी असायची, डावखुरी आहे ना मी. बाजारात दहाजणींच्या टोपल्या असू देत, ती लांबून सांगायची, ती बघ आपली."

बाईंनी समोरच्या टोपल्यांचे काठ पाहिले. सगळ्या गाठी सुलट्या होत्या, एकीसारखी दुसरी. म्हातारीचा हात धरून ती गाठ त्यांनीच तिला शिकवली होती.

"सगळा माल एकसारखा लागतो, आजी."

"हो. तेही ऐकलं होतं."

 बाहेर ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

"असं करू," बाई म्हणाल्या. "मला तिचा पत्ता द्या. एक टोपली मी वेगळी पाठवते, माझ्या खर्चाने. उलट्या गाठीची."

"घर बदलतेय म्हणाली होती. नवा पत्ता कळवते म्हणाली. त्यानंतर तिचा फोनही लागत नाही." म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. "पत्ता असता तर एवढ्या टोपल्या विणल्या असत्या का, बाई?"

तिने स्वतःच पहिली टोपली घमेल्यात रिकामी केली.

मग दोघी कामाला लागल्या. बाई ब्रशने विणीतला दाणा न् दाणा काढत होत्या. म्हातारी टोपली उजेडाकडे धरून आत बघायची, बुडावर थाप मारायची आणि बाजूला ठेवायची. एकदा तिने बाईंनी बाजूला ठेवलेली टोपली परत ओढून घेतली. डोक्यातली पिन काढून काठाखाली अडकलेला एक दाणा उकरला.

"हा राहिला होता बघा."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"लोकांच्या पोटावर पाय नको यायला," म्हातारी म्हणाली आणि दाणा घमेल्यात टाकला.

टोपल्या ट्रकमध्ये चढल्या. ड्रायव्हरने ताडपत्री ओढली. बाई निघता निघता दारात थांबल्या.

"हा माल त्यांना आवडला तर पुढच्या वेळी दुप्पट मागवतील, आजी. वेत पाठवून देऊ का?"

"तो मालही तिकडेच जाईल ना?"

"तिकडेच."

"मग पाठवा."

ट्रक वळणापलीकडे गेला. म्हातारीने घमेल्यातले गहू निवडून डब्यात ओतले, झाकण लावलं आणि खोली झाडून काढली. टोपल्या होत्या तेव्हा खोली लहान वाटायची.

कोपऱ्यात एक विणून होत आलेली टोपली पडली होती. ती पायांत धरून म्हातारी खिडकीशी बसली. काठापाशी येईपर्यंत उजेड उतरला होता. सवयीने डावा हात पुढे झाला आणि उलटी गाठ पडली. तिने ती अंगठ्याने चाचपली, बराच वेळ.

मग सोडवली आणि सुलटी घातली.