लीलाधर आणि साथी

गाणं संपलं तसं सुधाकरने मोबाइल उचलून ते पुन्हा सुरुवातीला नेलं.

"अजून एक बार ऐका, गुरुजी."

लीलाधरांनी मान हलवली. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी कानात मशीन होतं, आणि त्यात गाण्यापेक्षा कूलरची घरघर जास्त शिरत होती. वैजयंतीबाईंनी उठून कूलर बंद केला. खोलीत लगेच मे महिना भरला.

सुधाकर फोपनार गावाहून भर दुपारी मोटरसायकलवर आला होता. त्याच्या आईचं, आशाबाईंचं, तेरावं परवाच झालं. आई लग्नाआधी रेडिओवर गायची एवढंच घरात माहीत होतं. आता कुणीतरी ते जुनं गाणं यूट्यूबवर टाकलं होतं, आणि ते सुधाकरच्या मुलीला सापडलं होतं. खाली नाव होतं, लीलाधर आणि साथी.

"साथी म्हणजे माय पण, ना?"

"हो. तुझी आई, ही माझी बायको, आणि अजून वीसेक जण. सगळे इथलेच."

खंडव्याला गाडी बदलून ते सगळे इंदूरला जात आणि रेडिओवर गात. रविवारी सकाळी तापीचं हे गाणं लागलं की पानाच्या दुकानांपुढे माणसं सायकली थांबवून उभी राहत. पत्रं पोत्याने येत, सगळी लीलाधरांच्या नावाने. लीलाधर स्वतः कधीच गायले नाहीत. ते समोर हात उचलून उभे असत. तालमीत एखादा गळा जरा वेगळा ऐकू आला की हात खाली घेत आणि सगळ्यांना पहिल्यापासून म्हणायला लावत. इतक्या जणांचा मिळून एकच गळा वाटतो, असं लोक पत्रांत लिहीत. त्या वाक्याने त्यांना फार बरं वाटायचं.

"मला फक्त एवढं सांगा," सुधाकर म्हणाला, "यात मायचा आवाज कोणता?"

लीलाधरांनी कानातलं मशीन नीट बसवलं.

"घरात ती कधी गायलीच नाही. आणि गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून बोलणंही बंद. हातानंच सांगायची सगळं. मोबाइलमध्ये फोटो ढीगभर आहेत, गुरुजी, पण आवाज एक नाही. आम्ही कोणी भरून ठेवलाच नाही. पोरगी विचारते, आजी कशी बोलायची. मला आता नीट याद येत नाही."

गाणं पुन्हा सुरू झालं. लीलाधर मशीनवर बोट दाबून ऐकू लागले. आशा त्यांना दिसत होती. दुसऱ्या रांगेत, तेल लावून चापून घातलेल्या वेण्या, गालात खडीसाखर. चेहरा स्पष्ट होता. आवाज नव्हता. त्यांनी मुलींच्या बाजूने ऐकलं, मग खालच्या पट्टीत शोधलं. सगळीकडे तो एकच गळा, गुळगुळीत, कुठे बोट शिरायला जागा नाही.

कपाळावरचा घाम त्यांनी उपरण्याने पुसला. "मागे घे थोडं. हां. आता 'थांब जरा' येईल. त्याच्या आधी एक आवाज सगळ्यांच्या पुढे निघतो. ऐकलास?"

सुधाकरने मोबाइल कानाशी धरला.

"तीच तुझी आई."

पन्ह्याचे पेले घेऊन येणाऱ्या वैजयंतीबाई दारातच थांबल्या.

सुधाकरने तेवढा तुकडा पुन्हा लावला. "इतका बारीक आवाज होता मायचा?"

"एकोणीस वर्षांची पोर होती."

"आणि सगळ्यांच्या आधी कशी उचलते?"

"घाई फार. मी रागवायचो."

सुधाकर पहिल्यांदा हसला. "घरी पण तशीच होती. गल्लीत कोणाची चूल पेटायच्या आत आमचा सयपाक तयार." त्याने डोळे पुसले, पेला एका घोटात संपवला, दोघांच्या पाया पडला आणि जिना उतरला.

वैजयंतीबाईंनी रिकामा पेला उचलला.

"ती मी आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्या एका जागेसाठी तुम्ही मला खंडव्यापर्यंत बोलत आला होतात. सगळ्यांच्या देखत."

"हो."

"मग आशाचा कोणता?"

लीलाधरांनी कानातलं मशीन काढून मांडीवर ठेवलं. "तिचा ऐकूच येत नाही. बाकी कोणाचाच येत नाही. मी येऊच दिला नाही ना."

आता काही बोलून त्यांना ऐकू गेलं नसतं. वाळलेली चादर काढायला म्हणून वैजयंतीबाई गॅलरीत आल्या.

खाली सुधाकर अजून गेला नव्हता. उन्हात मोटरसायकलवर बसून त्याने मोबाइल कानाशी धरला होता. तेवढाच तुकडा संपत होता आणि पुन्हा लागत होता. गॅलरीत कोणी आल्याचं दिसलं तसं त्याने वर पाहिलं.

"काकू, आता लगेच ओळखू येते. मायच आहे, पक्कं."

वैजयंतीबाईंनी कठड्याला धरलं. खालून त्यांचा एकोणीस-वीस वर्षांचा आवाज पुन्हा एकदा सगळ्यांच्या पुढे निघाला.

"हो रे," त्या म्हणाल्या. "आशाच ती. जा आता, ऊन लागेल."