हाकमाशाला दिलेलं उत्तर

संध्याकाळी हाकमासा धक्क्याशी येई, तेव्हा तिथे कुणी तोंडातून शब्द काढत नसे. या माशाच्या गळ्याच्या पिशवीत एकच आवाज मावतो. पाण्यावर आलेला असताना नवा आवाज त्याच्या कानी पडला, की आधीचा पुसला जातो.

चांगुणाचा नवरा हसाजी होडी घेऊन गेला तो परतला नाही. परत आली ती या माशातली त्याची हाक.

"चांगुणे, टोपली आण गं."

होडी किनाऱ्याला लागताना हसाजी रोज अशीच हाक द्यायचा, आणि ती "आले, आले" म्हणत धावायची. आता ती टोपली घेऊन यायची, पण तोंडात पदराचा बोळा धरून नुसती ऐकायची.

"गाभोळी भरलीय त्याला," थोरली जाऊ मथुरा सकाळीच म्हणाली होती. "आता अंडी घालायला खोल पाण्यात जाईल, हसाजीभावजींची होडी बुडालीय तिकडं. पावसाळा सरला की येईल परत. तोवर जिवाला जप, बाय."

आज मासा वर आला आणि त्यानं हाक दिली. इतकी वर्षं तो हाका मारतोय आणि आपण गप्प उभ्या आहोत, हे चांगुणाला सोसवेना. तिनं तोंडातला पदर काढला.

"आले, आले," ती म्हणाली.

माशाची पिशवी थरथरली. तिच्याच आवाजात हलकेच "आले, आले" म्हणत तो खोल पाण्याकडे वळला.

चांगुणा रिकामी टोपली काखेत घेऊन घराकडे निघाली. धक्क्यावर आता कुणीही मोठ्यानं बोललं तरी चालणार होतं.