खिळ्यावरचा पट्टा

तिसरा दिवस होता. नदी धड वाहत नव्हती, धड गोठत नव्हती, आणि बाळ धड झोपत नव्हतं. रोआना चुलीपासून दारापर्यंत येरझारा घालत होती. टी-शर्टवर दुधाचे दोन ओले डाग, खांद्यावर लेकीचं तापलेलं डोकं. फेरीबोट बंद झालेली. बर्फावरून गाड्या जायला अजून पंधरा दिवस तरी लागणार. नवरा कॅरिबू हरणांच्या शिकारीला गेला तो पलीकडच्या काठावरच अडकलेला.

"पाठीशी बांध तिला," लाकडं टाकायला आलेला चुलत भाऊ क्लिफर्ड म्हणाला. "आपण सगळे तसेच झोपलो. आजी, स्ट्रॅप झाला का गं शिवून?"

"ते शिवण व्हायचंय अजून," एफी आजी म्हणाली.

"उन्हाळ्यापासून व्हायचंय! बरं, घड्याळ कशानं बांधलंयस मनगटाला?"

"चामड्यानं."

"आणि माझ्या ट्रकवरचं सामान?"

"दोरीनं. जा आता, दार लाव. वारं येतंय आत."

तो हसत गेला. घरातला हा जुना खेळ होता. घड्याळाचा स्ट्रॅप, बंदुकीचा स्ट्रॅप, सामान आवळायचा, बाळ पाठीशी घ्यायचा. इंग्रजीत सगळ्याला एकच शब्द, आणि आजीच्या तोंडी तो कधीच नाही. अस्वल दिसलं की माणूस लांबून जातो, तशी ती त्या शब्दाला वळसा घालायची. लहानपणी बोटीनं नेऊन गोऱ्यांच्या ज्या इंग्रजी शाळेत तिला सहा वर्षं ठेवलं होतं, तिथून परतल्यापासून तिनं ओट्सची लापशी खाल्ली नव्हती की आपल्या लोकांची भाषा बोलली नव्हती. म्हातारीचे हट्ट, असं म्हणून पोरं सोडून द्यायची.

आजी मागच्या खोपटातून सुके मासे आणायला गेली. बाळानं पुन्हा टाहो फोडला.

रोआनानं एका हातानं शिवणाची पेटी उघडली. तळाशी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला, बाळ बांधायचा पट्टा होता. पुरा झालेला. मूस हरणाच्या कातड्यावर काळी मखमल, मखमलीवर मण्यांचे रानगुलाब, टोकांना लोकरीचे गोंडे. शेवटचा दोरासुद्धा गाठ मारून कापलेला.

तिला रडूच आलं. तीन रात्री मी ही अशी फिरतेय, आणि हा इथे तयार पडलाय!

गुंडाळून ठेवल्यानं त्याला बाक आला होता. सरळ व्हावा म्हणून तिनं तो दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला. पट्टा उलगडत खाली सुटला आणि जरासा हलत राहिला.

गावात आजीच्या हातचे वीसेक पट्टे तरी होते. प्रत्येक तिनं गुंडाळून, फडक्यात बांधून दिलेला. लटकलेला पट्टा या घरात कधी कुणी पाहिला नव्हता. हे रोआनाला नंतर आठवलं.

दार उघडलं. आजी आत आली आणि खिळ्यापाशीच थांबली.

मासे तिनं नीट जमिनीवर ठेवले. हात स्कर्टला पुसले, पुढून, मग मागून. ती ताठ उभी राहिली, पाय जुळवून. मग तिनं दोन्ही हात पुढे केले. कोपरं सरळ, बोटं चिकटलेली, तळवे वर.

"मी इंग्रजीतच बोलत होते, मिस," ती म्हणाली.

आवाज सात वर्षांच्या मुलीचा होता.

"आजी?"

आजीची नजर पट्ट्यावरून हलली नाही. हातांना पुढे कसं राहायचं ते ठाऊक होतं.

रोआना पट्टा काढायला वळली, पण त्या तळव्यांकडे पाठ करणं तिला जमेना. बाळ कानाशी किंचाळत होतं. आपण काय करतोय हे न कळता तिनं ते खांद्यावरून उतरवलं आणि आजीच्या तळव्यांवर ठेवलं. आपले हात मात्र खाली तसेच धरून ठेवले.

बाळ रडत राहिलं, पाय झाडत राहिलं. मग आजीचा एक अंगठा हलला. त्यानं दुपट्याची कड चाचपली. एकेक बोट वळत गेलं. रोआनानं हळूच आपले हात काढून घेतले.

आजीनं बाळाला छातीशी ओढलं, मान खाली घातली आणि त्याच्या कानाशी बोलू लागली. अडखळत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून.

रोआनाला त्यातला एक शब्द कळला नाही. ते इंग्रजी नव्हतं.