मधात न बोलणारा

बाबा माझं नाव कॉम्प्युटरच्या वर्गातून काढायला शाळेत सरांकडे आले. कापसाला भाव नव्हता, वेचायला बाया लावणं परवडत नव्हतं, म्हणून शाळा सुटल्यावर मी थेट शेतात हवी होते. बाबा बोलताना अडखळतात आणि त्यांचं वाक्य पुरं करून द्यायची गावात सगळ्यांनाच घाई.

"बाबा, काढायच्या आधी माहा प्रोग्राम तर पाहा," मी त्यांना वर्गातल्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर बसवलंच.

बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेतला, दोनच ओळींचा, पण पूर्ण माझा. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत प्रश्न आला, 'तुमचं नाव काय?' बाबांनी एका बोटानं इंग्रजी एन दाबला आणि पुढचं अक्षर शोधत बसले. पडद्यावरची रेघ लुकलुकत राहिली.

"हा का... काहून चूप आहे?"

"प्रोग्राममधी इनपुट लिहिलं का तो उत्तरासाठी थांबते, बाबा. तुम्ही एंटर दाबेपर्यंत मधात बोलत नाही. दिवसभर थांबन."

बाबा त्या रेघेकडे पाहतच राहिले. मग एकेक अक्षर शोधून त्यांनी आपलं नाव पुरं केलं, कोणाच्याही मदतीशिवाय.

'नमस्कार, नागोराव.'

बाबा सरांकडे वळले. "सर, हिचं ना... नाव..."

'काढतो ना' सरांच्या ओठांवर आलंच होतं. पण त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. पूर्ण वर्ग थांबला.

"...रा... राहू द्या."